‘घेतलं’ म्हणायची रीत

शनिवार, २ मार्च

पोचलो एकदाचा! विमान, मग बस, मग दुसरी बस आणि शेवटचे चार किलोमीटर दुधाच्या कॅनांबरोबर टेम्पोत. हाडं खिळखिळी झाली, पण आल्याचं सार्थक झालं. वस्ती टेकडीच्या उतारावर आहे. मातीच्या विटांची बारा लांबट घरं, मध्ये सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, त्याच्यामागे अवजारांची खोली. त्या खोलीच्या भिंतीवर प्रत्येक अवजाराची आकृती काळ्या रंगाने काढून ठेवलीय. फावडं कुठे, विळा कुठे हे माझ्यासारख्या धांदरटालाही कळावं. एकतीस माणसं राहतात. वीज छतावरची, पाणी टाकीतलं, खत घरचं. काहीही बाहेर फेकायचं नाही. माझ्या बिस्किटाच्या पुड्याच्या कागदाचं काय करावं यावर दोन मोठ्या माणसांनी पाच मिनिटं चर्चा केली. हसू दाबून उभा होतो.

मोबाइल सगळ्यांचे एका पेटीत. ऑफिसात एक जुना फोन आहे, तो रविवारी वापरायचा. चालेल.

ही वही तिच्यासाठी. म्हणजे तिला दाखवायला. तिनं तीन वर्षांत मला किती वेळा ‘शहाण्या’ म्हटलं असेल देव जाणे, पण जिन्यावर त्या दिवशी म्हटलं ते वेगळंच होतं. म्हणाली, शहाण्या, तू कॉलेज सोडलंस सरांशी भांडून, मोबाइलचं दुकान सोडलंस मालकाशी भांडून, कुरिअर तर अकरा दिवसांत. जगात कुठेही जा, पण एका जागी नव्वद दिवस भांडण न करता राहून दाखव. मग बोलू लग्नाचं. तोवर फोन नाही, मेसेज नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, बघच आता. ताईच्या ओळखीनं इथलं जमलं. नव्वदावा दिवस तीस मेला येतो. दोनदा मोजला.

आणखी एक गंमत. इथे सगळ्यांशी मोडक्या इंग्रजीत बोलायचं, पण आपली भाषा बोलणारा एक माणूस आहे! नऊ वर्षं राहतोय, छतावरची सोलर पॅनेलं आणि बॅटऱ्या बघतो. मी त्यांना वायरमनकाका म्हणायला लागलो, तर गडी लाजला. म्हणाले, काका म्हणून हाक ऐकून जमाना झाला रे.

रविवार, ३ मार्च

आज दुपारच्या जेवणानंतर बैठक. दर रविवारी असते. सगळे ओसरीवर गोल बसतात, मध्ये फाटक्या गोण्यांचा ढीग. गोण्या शिवता शिवता ज्याला जे जड होत असेल ते तो बोलतो. बोलून झालं की कुणीतरी म्हणतं, घेतलं. बास. सल्ला नाही, सांत्वन नाही, लगेच पुढचा.

काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की नवा माणूस पहिल्या दिवशी ‘घेतलं’ म्हणतो, तो इथला शिष्टाचार आहे. मला वाटलं, आपण ‘बरं बरं’ म्हणतो तसंच असणार. आणि मला सगळ्यांवर छाप पाडायची होती, खोटं कशाला लिहू.

तर काका बोलले. त्यांची बायको दवाखान्यात होती, शेवटचे दिवस. हे खाली चहा प्यायला गेले आणि तेवढ्यात ती गेली. हाताला सूज होती म्हणून बांगड्या निघत नव्हत्या, त्या कापून काढाव्या लागल्या. मी म्हटलं, घेतलं. सुतार बोलला. लाकूड कापायच्या यंत्रापाशी भावावर ओरडला, भाऊ दचकला, तीन बोटं गेली. घेतलं. मग मास्तरीणबाई, त्यांनी आईला वृद्धाश्रमात ठेवलं आणि दोन वर्षं भेटायला गेल्याच नाहीत. घेतलं. पाव भाजणाऱ्या भट्टीवालीचं घर जळालेलं. तेही घेतलं. लोक माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघायला लागले की मी चढलोच. एकूण नऊ जणांचं घेतलं. वस्ती जिने सुरू केली त्या थोरलीने उठून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, असा मोकळ्या हाताचा माणूस फार दिवसांत आला नव्हता.

ताईला फोन केला. ती म्हणाली, पहिल्या दिवशी तर तू कॉलेजातही सगळ्यांचा लाडका होतास.

शुक्रवार, ८ मार्च

माझं काम खताच्या खड्ड्यांवर. स्वयंपाकघराची सालं, संडासांतला भुसा, वाळलेली पानं असे थर द्यायचे. चार दिवसांनी काट्याच्या फावड्याने उलटेपालटे करायचे. ढिगाच्या पोटात हात घालून बघायचं. चटका बसला की ठीक चाललंय. वास येत नाही, हे आश्चर्य. सुतार सांगत होता, नीट मुरलं की कशाचं काय होतं ते ओळखूच येत नाही.

फक्त थकवा येतोय. वयाच्या बाविसाव्या वर्षी जिना चढताना गुडघे कुरकुरतात म्हणजे काय! हवा बदलली म्हणून असेल. बाकी मंडळींना मात्र थकवा ठाऊकच नाही. सत्तरीची मास्तरीणबाई पाण्याच्या दोन बादल्या घेऊन गाणं म्हणत चढते आणि मला चिडवते, म्हणते, तरुण माणसा, हात देऊ का?

सोमवार, ११ मार्च

कालच्या बैठकीत आणखी सहा जणांचं घेतलं. नाही म्हणवेना. सगळे बोलून झाले की माझ्याचकडे बघतात.

आज विचित्र झालं. खड्ड्यावर काम करताना अचानक फावडं टाकून मी चालायला लागलो. घाईघाईने. कुठे, तर वॉर्डात. चहा अर्धा टाकून आलोय, ती एकटी आहे, असं डोक्यात पक्कं. कुंपणापर्यंत गेल्यावर भानावर आलो. गालांवर पाणी होतं.

काकांचं ऐकून मनाला लागलं असणार. संध्याकाळी त्यांना गाठलं, म्हटलं काका, काकूंना दवाखान्यात किती दिवस ठेवलं होतं? त्यांनी पक्कड खाली ठेवली आणि हसले. म्हणाले, कोण काकू? लग्नाच्या फंदात आपण कधी पडलोच नाही बाबा.

मला वाटलं टाळतायत. पण तोंडावर टाळल्याचं काही नव्हतं.

रविवार, १७ मार्च

सुतारालाही विचारलं. भाऊ काय करतो हल्ली? तो म्हणाला, मी एकुलता एक. आणि शीळ घालत पुन्हा फळी कापायला लागला. त्याच यंत्रावर.

यंत्र सुरू झालं की माझी छाती धडधडते. भावाचं नाव मला माहीत आहे. त्याच्या शर्टाचा रंगही. सुताराने यातलं काहीच बैठकीत सांगितलं नव्हतं.

आज बैठकीत तोंड मिटून बसलो. तर बोलणारे बोलून थांबले, आणि थांबूनच राहिले. गोण्या शिवायच्या सुया थांबल्या. कुणी रागावलं नाही. फक्त वाट बघत राहिले, एक तास, दीड तास, त्या हसऱ्या चेहऱ्यांनी. शेवटी उठता यावं म्हणून मी म्हटलं.

चौघांचं.

रविवार, २४ मार्च

डोकं सटकलं. सरळ थोरलीच्या खोलीत गेलो आणि आवाज चढवला. म्हटलं, हा काय प्रकार आहे? तुमचं मेलेलं, जळलेलं, तुटलेलं सगळं माझ्या गळ्यात का? थोरली शेंगा सोलत होती. सोलत सोलतच म्हणाली की जमीन एवढीच, माणसं एवढीच, बाहेर काही फेकायचं नाही असं ठरलं की कुणाला तरी घ्यावंच लागतं. मी म्हटलं, मग परत घ्या. ती म्हणाली, मुरलेलं परत कसं निघेल? घेतलेलं पुन्हा ठेवता येत नाही. मात्र तुझं स्वतःचं काही जड असेल तर जरूर ठेव, लोक आनंदाने घेतील. नाहीतर फाटक उघडं आहे. बुधवारची बस आहे. इथे आम्ही कुणाला बांधून ठेवत नाही.

खरंच नाही ठेवत. गंमत आहे ती हीच.

खोलीत येऊन पिशवी भरली. आणि मग जिन्यावरची ती दिसली. दरवेळी भांडूनच निघतोस शहाण्या. तेविसाव्या दिवशी कोणत्या तोंडाने जाणार होतो? काय सांगणार होतो? लोक स्वतःची दुःखं मला देतात म्हणून पळून आलो? तिने दारच लावलं असतं.

आयुष्यात पहिल्यांदा राग गिळला. पिशवी रिकामी केली. तिला कळलं तर खूश होईल.

गुरुवार, ४ एप्रिल

दमलोय. झोपून उठलो की जास्त दमलेला असतो. चोवीस जणांचं झालं. भाजलेल्या पावाचा वास आला की घर जळतं. दुपारी आईला भेटायला जायचं राहिलं म्हणून रडतो, आणि माझी आई घरी धडधाकट आहे, ताईच्या मुलांना ओरडतेय. फावडं उचलायला दोनदा बसावं लागतं. अजून छप्पन्न दिवस. असं ओढत नेलं तर निघणार नाहीत.

काका डब्यात कढत चहा घेऊन आले. बसले शेजारी. डबा माझ्या हातात दिला. मग म्हणाले, पोरा, तुझं असं एखादं ठेव खाली. थोडं हलकं वाटेल. दिवस तरी निघतील. मी विचारलं, तुम्ही काय ठेवलंत काका? त्यांनी खूप आठवून बघितलं. म्हणाले, तेच तर आठवत नाही.

माझ्याकडे जड असं एकच आहे. तिची आठवण. रोज सकाळी गळ्यात दगड बांधल्यासारखी असते.

सगळी नाही ठेवणार. फक्त ते भांडण. तेवढं गेलं तर बरंच आहे.

रविवार, ७ एप्रिल

ठेवलं. सांगून टाकलं जिन्यावरचं. पाच-सहा जण एकदमच म्हणाले, घेतलं! अशी झुंबड मी बैठकीत कधी बघितली नव्हती. शेवटी भट्टीवालीला मिळालं.

काय हलकं वाटतंय! आज तीन खड्डे पलटले. पोटभर जेवलो. आधी का नाही सुचलं?

रविवार, १४ एप्रिल

ताईचा फोन. आवाज ऐकून विचारलं, आजारी आहेस का? मी म्हटलं, नाही गं, बायकोची आठवण येते. ताई आधी खो खो हसली. मग म्हणाली, कोणाची? मग हसायची थांबली. मी सावरून घेतलं, म्हटलं चेष्टा केली. ती म्हणाली, चेष्टेला पण काही रीत असते की नाही? मग म्हणाली, घरी ये. मी तिकीट बदलते, तू फक्त हो म्हण. कुणासाठी एवढा हट्ट धरून बसलायस? मी म्हटलं, तिच्यासाठी. ताईने तिचं नाव घेतलं, म्हणाली, तिची मी समजूत काढते.

मी नको म्हटलं. नव्वद म्हणजे नव्वद.

आज आणखी दोन गोष्टी ठेवल्या. ग्रंथालयातली, आणि तिच्या स्कूटरवरची. दोन्ही लगेच गेल्या. त्या बदल्यात तिघांचं घ्यावं लागलं. आठवडा निघेल.

शुक्रवार, १९ एप्रिल

भट्टीवालीने पाव हातात देताना मान तिरकी केली आणि म्हणाली, खा शहाण्या.

आपल्या भाषेत. तिला आपल्या भाषेतला एक शब्द येत नाही.

पाव तसाच हातात धरून उभा राहिलो. का ते कळेना. खोलीत येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. दोन मार्चला सापडला तो शब्द. तिचा आहे. तिच्याशी जिन्यावर भांडण झालं होतं, असं मीच लिहिलंय. मी लिहिलंय म्हणून खरं असणार.

तळपायाची आग मस्तकात गेली. धावत भट्टीकडे गेलो, म्हटलं परत दे. ती घाबरली नाही. पिठाच्या हाताने माझा गाल पुसला आणि मायेने म्हणाली, कशाचं रे एवढं?

मी फक्त भांडण ठेवलं होतं. जिना गेला, आवाज गेला, उभी होती ती पण गेली. दुखतं तेवढंच उपटायला गेलो तर—

रविवार, २१ एप्रिल

आज काहीही ठेवायचं नाही. शपथ.

दोघांचं घेतलं. ठेवलं काही नाही. रात्री जेवायला उठून जाता आलं नाही. सुताराने उचलून नेलं, शीळ घालत.

रविवार, २८ एप्रिल

अठ्ठावन्न झाले. बत्तीस उरले.

हिशेब सोपा आहे. ठेवलं नाही तर दिवस निघत नाही. ठेवलं तर ती उरत नाही. तिच्यासाठी टिकायचं आणि टिकण्यासाठी तिलाच—

एकच ठेवलं. लहानसं. तिच्या हसण्याचं.

मास्तरीणबाईने घेतलं. आता बादल्या घेऊन चढते तेव्हा हसते. सगळे म्हणतात किती गोड हसते. असेल.

सोमवार, ६ मे

काकांना धरलं. त्यांचा सदरा फाटला, एवढा धरला. म्हटलं, तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलं नाहीत. ते रडायला लागले. म्हणाले, मी नऊ वर्षं सगळ्यांचं घेत होतो रे. नवं कुणी आलं की मला सांगावंसं वाटायचं, पण सांगितलं तर तो राहील का? त्यांना आता बरं वाटतंय. घरी जायचं म्हणतायत. पण घर कुणाचं, कोण आहे तिथे, ते त्यांना आठवत नाही.

ते मला आठवतं. त्यांच्या दारातली तुळस. काकूंची चप्पल. दोन वाट्या पालथ्या घातलेल्या ओट्यावर.

त्यांना सांगितलं तर ते ऐकत बसले, दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसे. म्हणाले, छान संसार होता त्या माणसाचा.

रविवार, १२ मे

वही परत वाचली. हा पोरगा चांगला लिहितो. तापट आहे. कुणावर तरी फार भाळलाय.

नाव कुठेच लिहिलं नाही तिचं. एकदा तरी लिहायचं होतं. का नाही लिहिलंस रे—

ताईचा फोन आला होता म्हणे. मी घेतला नाही. मला बहीण आहे की भाऊ, ते— भाऊच. तीन बोटं नाहीत त्याला.

रविवार, १९ मे

एकतीस पूर्ण. थोरलीचंही घेतलं आज. ते मोठं होतं. ते लिहिणार नाही.

थोरली नंतर अंगणात लहान मुलीसारखी पळत होती.

दमलो.

शनिवार, २५ मे

भिंतीवर रेघा मारल्यात मी. पंच्याऐंशी. कशाच्या आहेत—

पाच राहिल्या असं वाटतं. मग काहीतरी आहे. काहीतरी चांगलं. कुणी सांगेना.

रविवार, २६ मे

काहीतरी ठेवायला सांगितलं. खूप शोधलं. शेवटी एक निघालं— एक मुलगी, पाठमोरी, केसांना रबर लावतेय. कोण ते माहीत नाही. पण जड होतं. एवढंसं असून सगळ्यांत जड.

काका म्हणाले, राहू दे रे पोरा, ते नको ठेवू. पहिल्यांदाच बैठकीत कुणी असं बोललं. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

पण मी फार—

गेलं.

गुरुवार, ३० मे

बरं वाटतंय आज. म्हणजे वेगळं काही वाटत नाही. सकाळी खड्डा पलटला. ढीग गरम आहे, चांगला मुरतोय.

ऑफिसात बोलावलं. फोन होता. गुरुवारी फोन येत नाही कधी, पण पलीकडे मुलगी रडत होती म्हणून थोरलीने दिला. ती मुलगी हसत पण होती. म्हणाली, हरले मी, नव्वद झाले, सकाळपासून तुझ्या फोनची वाट बघतेय, ये आता. कुणा पोराचं नाव घेत होती. मला वाईट वाटलं. अशी लांबून वाट बघणारी माणसं मला माहीत आहेत, वॉर्डात एकटी असतात ती, आश्रमाच्या खिडकीत असतात ती. म्हणून नीट समजावलं. म्हटलं, बाळ, या नावाचं इथे कुणी राहत नाही. आला असेल आधी, गेला असेल. तापट होता असं वाचलंय. तू त्याची वाट बघू नकोस.

तिचं हसणं थांबलं. मग अगदी हळू म्हणाली की आवाज तर तुझाच आहे. चेष्टा करू नकोस, मला भीती वाटतेय. एकदा, फक्त एकदा माझं नाव घे.

मला घ्यायचं होतं. देवाशप्पथ घ्यायचं होतं. तोंड उघडलं, जीभ उचलली, एकतीस जणांची सगळी नावं एकामागून एक वर आली, काकूंचं, भावाचं, आईचं, आणि त्यांच्या खाली, अगदी तळाशी काहीतरी हललं, मी म्हटलं थांब, फोन ठेवू नकोस, आहे, आहे माझ्याजवळ, तुझं नाव—